कोणाला किती? : संगणकातल्या मेमरीच्या वाटणीची गोष्ट



फोनवर अर्धं पत्र लिहून झालेलं असतं. मधेच कोणाचा तरी कॉल येतो, मग आलेले दोन-चार फोटो बघितले जातात, आणि परत येऊन बघावं तर ते ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडतं. लिहिलेलं सगळं गायब! तुमच्यापैकी बहुतेकांनी हे अनुभवलं असेल. मी भाच्याकडे तक्रार केली (तो याच क्षेत्रात नोकरीला आहे), तर तो म्हणाला, “मामा, फोन बिघडलेला नाही. मेमरी कमी पडली म्हणून सिस्टीमनेच ते ॲप मारलं.”

‘मारलं’ हा शब्द मला जरा खटकला. कोणाला मारायचं हे ठरवतं कोण? कोणत्या नियमाने? आणि ज्याने जास्त मेमरी खाल्ली तोच मरतो, की भलताच कोणीतरी? आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला अशी शंका आली की तो मागे मागे जायला लागतो. गेले दोन महिने भाच्याला छळून आणि इंटरनेटवर शोधून जे हाती लागलं ते आज लिहितो आहे. संगणकवाल्यांना यातलं पुष्कळ ठाऊक असेल. हा लेख माझ्यासारख्या बी.ए. झालेल्यांसाठी आहे.

आधी दोन शब्दांचा अर्थ. संगणकाची मेमरी म्हणजे लिहिण्याचं टेबल, आणि डिस्क म्हणजे कपाट. कपाटात हजार पुस्तकं मावतात, पण काम करायचं तर पुस्तक टेबलावर आणून उघडावं लागतं. टेबल मात्र लहान. एखादा प्रोग्रॅम चालू झाला की त्याला ‘प्रोसेस’ म्हणतात. म्हणजे टेबलाशी काम करायला बसलेला माणूस! टेबल एक, माणसं अनेक. आता कोणी किती जागा अडवायची?

अगदी सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता, कारण टेबलाशी एका वेळी एकच माणूस बसायचा. एकाचं काम संपलं की दुसऱ्याचं. प्रश्न आला तो यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरायचं ठरवल्यावर. नोव्हेंबर १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीटीएसएस’ नावाची व्यवस्था चालवून दाखवली. अनेक जण आपापल्या टाइपरायटरवर बसून एकच संगणक वापरत. पुढे ती ज्या यंत्रावर स्थिरावली, त्याच्या मेमरीचे प्रत्येकी ३२,७६८ शब्दांचे दोन भाग होते. एक भाग व्यवस्थापक प्रोग्रॅमचा, दुसरा वापरणाऱ्यांचा. वापरणाऱ्याने आपल्या हद्दीबाहेर पाऊल टाकलं की यंत्रच त्याला अडवी. ही झाली मर्यादेची पहिली पायरी : कुंपण. ‘तुझी हद्द इथपर्यंत.’ यात किती लागतं, का लागतं ही चौकशी नव्हती.

पुढच्याच वर्षी इंग्लंडात मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या गटाने फार युक्तीचं काम केलं. ७ डिसेंबर १९६२ रोजी ‘ॲटलास’ या संगणकाचं उद्घाटन झालं. त्याची जलद मेमरी होती १६,३८४ शब्दांची. आजच्या हिशेबाने एक लाख बाइटसुद्धा नाही. फोनवर ‘सुप्रभात’चे जे फोटो येतात, त्यातला एकही धड मावणार नाही तिच्यात! जोडीला फिरणारे ड्रम होते, त्यांच्यावर जवळजवळ सहापट जागा होती, पण ते संथ. किलबर्न यांच्या गटाने सगळ्या मेमरीचे ५१२ शब्दांचे तुकडे पाडले. त्यांना नाव दिलं ‘पान’. जे पान लागेल ते यंत्र स्वतःच ड्रमवरून आणी, आणि जे बराच वेळ लागलेलं नाही ते परत ठेवून देई. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वाटे की आपल्याला एकच मोठं टेबल मिळालेलं आहे.

सोय मोठीच झाली. पण तिच्याबरोबर एक मृगजळही आलं. मेमरी आहे त्यापेक्षा जास्त आहे असं सगळ्यांना वाटू लागलं. आणि एकदा असं वाटलं की माणूस काय किंवा प्रोग्रॅम काय, हात आखडता घेत नाही.

त्याचं फळ काही वर्षांतच दिसलं. पानांची युक्ती वापरणाऱ्या यंत्रांमध्ये एक विचित्र गोष्ट घडू लागली. पाच प्रोग्रॅम उत्तम चालत. सहावा घेतला तरी ठीक. सातवा घेतला की सगळं यंत्र एकदम झोपे! थोडं मंद होणं समजण्यासारखं होतं, पण इथे काम जवळजवळ शून्यावर येई. यंत्र तर प्रचंड धावपळ करताना दिसे. याला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात.

याचा उलगडा केला पीटर डेनिंग या एमआयटीतल्या तरुण संशोधक विद्यार्थ्याने. ऑक्टोबर १९६७ मध्ये टेनेसी राज्यातल्या गॅटलिनबर्ग गावी भरलेल्या परिषदेत त्याने आपला विचार मांडला, आणि मे १९६८ मध्ये तो निबंध छापून आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. प्रत्येक प्रोग्रॅमला कोणत्याही थोड्या वेळात आपली सगळी पानं लागत नाहीत, ठरावीक काहीच लागतात. त्यांना त्याने ‘वर्किंग सेट’ म्हटलं. आपण मराठीत ‘हाताशी लागणारी पानं’ म्हणू. तेवढी टेबलावर असली की काम सुरळीत चालतं. पण सगळ्यांच्या हाताशी लागणाऱ्या पानांची बेरीज टेबलापेक्षा मोठी झाली, की मी माझं पान आणण्यासाठी तुमचं उचलतो, तुम्ही तुमचं परत आणण्यासाठी तिसऱ्याचं उचलता, तो माझं! सगळे नुसते कपाटाकडे खेपा घालत राहतात, लिहीत कोणीच नाही.

मंडळी, मला हे वाचताच समजलं, कारण मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. एका वर्षी माझ्या वर्गात ऐंशीच्या वर मुलं होती. तास पस्तीस मिनिटांचा. एका वहीला एक मिनिट धरलं तरी ऐंशी मिनिटं हवीत. हजेरी, गप्प बसा, पुढे सरका, यातच तास संपायचा. पन्नास मुलांना मी जेवढं शिकवू शकत होतो, त्याच्या निम्मंही ऐंशींना शिकवता येत नव्हतं. वरून पाहणाऱ्याला मात्र वर्ग भरलेला दिसायचा आणि मास्तर घामाघूम!

डेनिंगने सांगितलेला उपाय फार शहाणपणाचा आहे. त्याने ‘सगळ्यांना थोडं थोडं कमी द्या’ असं म्हटलं नाही. हाताशी लागणारी पानं मावत असतील तरच नव्या प्रोग्रॅमला आत घ्या, नाहीतर त्याला बाहेर थांबवा. जो आत आहे त्याला पोटभर मिळालं पाहिजे. पंगतीत जागा नसेल तर पुढच्या पंगतीला बसवतात, एका पानावर दोघांना बसवत नाहीत, तसंच हे.

यापुढे दोन घराणी दिसतात. पहिलं घराणं १९७७-७८ मध्ये डिजिटल या कंपनीने आणलेल्या ‘व्हीएमएस’ या ऑपरेटिंग सिस्टीमचं. डेव्ह कटलर हे तिच्या मुख्य रचनाकारांपैकी एक. तिथे प्रत्येक प्रोसेसला हाताशी ठेवायच्या पानांची संख्या नेमून दिलेली असे. ती पुरी झाली आणि नवं पान हवं झालं, तर स्वतःचंच एक जुनं पान सोडावं लागे. शेजाऱ्याच्या पानाला हात लावायचा नाही! पुढे त्यात उसनवारीचीही सोय झाली. मेमरी मोकळी असेल तर नेमून दिलेल्याहून थोडी जास्त घ्या, पण गरज पडली की ती परत द्यावी लागेल. कटलर १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीत या वळणाचा बराच भाग उतरला.

दुसरं घराणं युनिक्सचं. युनिक्स वाढलं ते पीडीपी-११ या लहान यंत्रावर. तिथे पत्ताच १६ अंकी, म्हणजे प्रोसेसला एका वेळी ६४ किलोबाइटपलीकडचं दिसायचंच नाही. वेगळी मर्यादा घालायची गरज काय? मोठ्या व्हॅक्स यंत्रावर पानांची सोय असलेलं युनिक्स बर्कलीच्या मंडळींनी १९७९ मध्ये आणलं, आणि मग मर्यादेची गरज भासू लागली. १९८३ च्या बर्कली आवृत्तीत ‘सेट-आर-लिमिट’ नावाची सोय आली, ती आजतागायत चालू आहे. तिच्यात प्रत्येक गोष्टीला दोन मर्यादा असतात : एक मऊ, एक कडक. मऊ मर्यादा प्रोसेस स्वतः वाढवू शकते, पण कडक मर्यादेपर्यंतच. कडक मर्यादा वाढवायचा अधिकार फक्त व्यवस्थापकाचा. घरातला रोजचा खर्च तुम्ही ठरवा, पण बँकेतली शिल्लक ओलांडता येणार नाही, तसं काहीसं.

नियम चांगलाच होता, पण त्यात दोन भोकं होती. पहिलं असं, की मर्यादा माणशी होती, घराला नव्हती. युनिक्समध्ये एक प्रोसेस दुसऱ्या प्रोसेसला जन्म देऊ शकते, आणि मुलाला बापाइतकीच मर्यादा नव्याने मिळते. एकाला शंभर मेगाबाइटची मर्यादा घातली आणि त्याने वीस मुलं जन्माला घातली, तर घरात बापासकट एकवीसशे मेगाबाइट! दुसरं भोक लिनक्समधलं, आणि त्याची मला गंमत वाटली. प्रत्यक्ष मेमरीत किती पानं ठेवायची याची मर्यादा आजही लिनक्समध्ये नोंदवता येते. नोंद होते, विचारलं तर आकडाही दिसतो, पण तो पाळायला लावणारं कोणी नाही! मागितलेल्या पत्त्यांवरची मर्यादा पाळली जाते, पण मागितलेलं वेगळं आणि वापरलेलं वेगळं. नोंदवहीत लिहिलेले आणि कोणीही न पाळणारे नियम नोकरीत मीही पुष्कळ पाहिले.

लिनक्सचा विषय निघालाच आहे तर इथे थोडं थांबतो, कारण ‘मारलं’ या शब्दाचा उगम इथे आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेली ही ऑपरेटिंग सिस्टीम मेमरी मागणाऱ्याला सहसा ‘नाही’ म्हणत नाही. ‘घे’ म्हणते, आणि प्रत्यक्ष पान तो लिहायला लागेल तेव्हा देते. यामागे कारण आहे. प्रोसेस मुलाला जन्म देते तेव्हा कागदोपत्री मेमरी दुप्पट लागते, पण प्रत्यक्षात दोघं तीच पानं वापरत असतात. प्रत्येक वचनासाठी मेमरी राखून ठेवली तर पुष्कळशी नुसती पडून राहील. बँकही सगळ्या ठेवीदारांचे पैसे तिजोरीत ठेवत नाही, त्यातलीच ही गोष्ट.

पण एखाद्या दिवशी सगळे ठेवीदार एकदम दारात आले तर? तेव्हा लिनक्सचा गाभा एक भीषण काम करतो. सगळ्या प्रोसेसना गुण देतो आणि ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याला ठार करतो. गुण मुख्यतः मेमरी किती घेतली यावर. २०१० पासून व्यवस्थापकाला उणे १००० ते अधिक १००० असा आकडा देऊन या गुणांत फेरफार करता येतो. उणे १००० दिलं तर त्या प्रोसेसला अभय! आता बघा, सर्वांत जास्त मेमरी घेणारा म्हणजे दोषीच असतो का? पुष्कळदा तो सर्वांत कामाचा असतो. ज्या यंत्रावर सगळ्या नोंदी ठेवणारा डेटाबेस चालतो, तिथे सर्वांत मोठा तोच. गळती लहान प्रोग्रॅमला लागलेली आणि जीव गेला डेटाबेसचा, असं होतं. २००४ मध्ये आंद्रिस ब्राउवर यांनी यावर एक झणझणीत रूपक लिहिलं होतं. एक विमान कंपनी खर्च वाचवायला इंधन कमी भरते, आणि ते कमी पडलं की प्रवाशांना बाहेर ढकलते. मग कोणाला ढकलावं यावर विद्वान लोक सिद्धान्त मांडत बसतात!

तुमच्या-माझ्या फोनमधल्या अँड्रॉइडच्या पोटात हेच लिनक्स आहे. तिथे नियम असा, की जे ॲप डोळ्यांसमोर आहे ते शेवटी मारायचं, आणि जे मागे पडलं आहे ते आधी. माझं अर्धं पत्र मागे पडलेलं होतं.

आता या गोष्टीतला मला सर्वांत आवडलेला भाग. २००६ मध्ये गूगलमधले दोन अभियंते, पॉल मेनाज आणि रोहित सेठ, यांनी प्रोसेसचे गट पाडून गटावर मर्यादा घालण्याचं काम सुरू केलं. एकेका यंत्रावर अनेक कामं चालवायची तर एकाने दुसऱ्याचा घास घेता कामा नये, ही गरज. हे ‘सी-ग्रुप’ जानेवारी २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२४ या आवृत्तीत आले. मेमरीच्या भागाचं काम मात्र आपल्याकडे झालं! आयबीएमच्या बंगलोरच्या कार्यालयात तेव्हा काम करणारे बलबीर सिंग यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये पहिला मसुदा मांडला. मग पावेल एमेल्यानोव्ह यांनी आपले मसुदे आणले. त्याच उन्हाळ्यात कॅनडात ओटावाच्या परिषदेत चर्चा झाली. प्रोसेसची स्वतःची पानं तेवढी मोजायची, की तिच्यासाठी फायलींची जी पानं मेमरीत येतात तीही? दोन्ही मोजावीत, असं ठरलं. नाहीतर एका खिशातलं दुसऱ्या खिशात घालून मर्यादा चुकवता आली असती. एप्रिल २००८ मध्ये, २.६.२५ या आवृत्तीत, हे काम सर्वांच्या हाती आलं.

यामुळे काय बदललं? पूर्वीची मर्यादा माणशी होती, ही शिधापत्रिकेसारखी कुटुंबाची झाली. घरात कितीही मुलं जन्मोत, सगळ्यांची मिळून मर्यादा एकच. आणि ती ओलांडली तर मारामारी त्या घरापुरती. जो मरायचा तो त्याच घरातला मरेल, शेजारच्या घराला झळ लागणार नाही. पुढे २०१३ मध्ये ‘डॉकर’ आणि २०१४ मध्ये ‘कुबरनेटिस’ आलं. आज बँका, तिकिटं, दुकानं यांची कितीतरी कामं अशाच मर्यादा घातलेल्या डब्यांत चालतात.

तरी एक गमतीदार घोटाळा झालाच. जावा भाषेतले प्रोग्रॅम सुरू होताना यंत्रात एकूण मेमरी किती हे बघतात, आणि साधारण चौथ्या हिश्श्यापर्यंत वाढायचं असं ठरवतात. त्यांना डब्यात ठेवलं एक गिगाबाइटच्या मर्यादेत, पण ते बघत होते बाहेरचं ६४ गिगाबाइटचं यंत्र! म्हणजे ‘आपल्याला १६ पर्यंत चालेल’ अशा समजुतीत ते वाढत, आणि एकाला पोचले की ठार. चूक कोणाची? मर्यादा होती, पण ज्याच्यावर होती त्याला ती कळत नव्हती. मार्च २०१८ मध्ये जावाच्या दहाव्या आवृत्तीपासून ती आपोआप डब्याची मर्यादा बघू लागली.

आणि एक सुधारणा. मार्च २०१६ मध्ये, लिनक्सच्या ४.५ या आवृत्तीत, सी-ग्रुपची दुसरी पिढी अधिकृत झाली. तिच्यात वरची मर्यादा दोन पायऱ्यांची आहे. पहिली ओलांडली तर प्रोसेसचा वेग कमी करतात, तिची पानं काढून घेतात, पण मारत नाहीत. दुसरी ओलांडायची वेळ आली तरच मारतात. शिवाय खालचीही मर्यादा आली : इतकी मेमरी या गटाकडून शक्यतो काढायची नाही. २०१८ मध्ये त्याहून पक्कं वचन आलं, की इतकी कोणत्याही परिस्थितीत काढायची नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मेमरीअभावी प्रोसेसना किती वेळ खोळंबून राहावं लागलं हे मोजण्याची सोय झाली. किती खाल्लं हे मोजण्याबरोबर कोण उपाशी राहिलं हेही मोजायचं! पन्नास वर्षांनी गाडी पुन्हा डेनिंगच्या प्रश्नाजवळ आली : खरी गरज किती?

हे सगळं वाचताना मला राहून राहून १९७२ चा दुष्काळ आठवत होता. रेशनच्या दुकानासमोर लांबच लांब रांगा, आणि मिळायची अमेरिकेतून आलेली लाल मिलो. आमच्या पिढीला ‘मर्यादा’ हा शब्द आवडत नाही तो त्यामुळेच असेल. पण तेव्हा रांगेत उभं राहून भीती कशाची वाटायची? वाटा लहान असल्याची नाही. आपला नंबर येईपर्यंत पोतं संपेल याची! पुढच्याला माणशी ठरलेलंच मिळणार, त्याहून जास्त नाही, हाच रांगेत शेवटी उभ्या असलेल्याचा आधार होता. एकाच्या डोक्यावरचं छप्पर ही दुसऱ्याच्या पायाखालची जमीन असते.

म्हणून मला वाटतं, मर्यादा वाईट नसते. ती न सांगता घातलेली असेल, कागदावरच राहणारी असेल, किंवा वरून दाबणारी पण खालून काहीच न देणारी असेल, तर वाईट. मर्यादाच न घालणं हे औदार्य वाटतं खरं, पण त्यात वाटणी टळत नाही. ती फक्त पुढे ढकलली जाते, आणि मग घाईगर्दीत, गुण मोजून, कोणाचा तरी जीव घेऊन होते. यंत्रांच्या जगाला हे कळायला साठएक वर्षं लागली. शाळेचे वर्ग, गावाचं पाणी, घरातला खर्च, या बाबतीत आपल्याला किती लागतील कोण जाणे.

असो. लेख लांबला. संगणकवाल्या वाचकांनी काही भर घालायची असेल तर जरूर घालावी. बाकीच्यांनी आपापल्या घरातल्या रेशनकार्डाच्या आठवणी लिहिल्या तर मला वाचायला आवडतील.